कानाचा हिशेब ओठाला लागत नाही

बीड जिल्ह्यात कान न टोचलेली बाई शोधून सापडायची नाही. बाळ काही महिन्यांचे झाले की आजी त्याला घेऊन सराफाच्या दुकानात जाते. सोनार पाळी चिमटीत धरून चोळतो, ठिपका काढतो, आणि आईने मान दुसरीकडे वळवेपर्यंत तार आरपार गेलेली असते. मग घरी खोबरेल आणि हळद. भोक रुळले की बाळी. मुलगी मोठी झाली की नाकाचा नंबर, त्यात मुरणी किंवा चमकी. तांड्यावरच्या थोरल्या बायांच्या नाकात भुरिया, जुन्या घरांतल्या आज्यांच्या कानाच्या वरच्या कडेला बुगडी, काही घरांत पुरुषांच्याही कानात बाळी. अंगाला भोक पाडून त्यात दागिना घालणे ही इथे घरची रीत आहे.

म्हणूनच बीडच्या किंवा अंबाजोगाईच्या कॉलेजातली एखादी मुलगी, आणि हल्ली मुलगाही, ‘मला ओठ टोचून घ्यायचाय’ म्हणतो तेव्हा दोन उत्तरे हमखास येतात. पहिले घरातून: ‘हे काय थेर?’ कानाला चार आणि नाकाला एक भोक मिरवणारी आजीच यात सगळ्यात जास्त तापते. दुसरे मैत्रिणींकडून: ‘त्यात काय एवढं, कान टोचलाच होता की!’ पहिल्या उत्तराचे ज्याचे त्याने घरी पाहून घ्यावे. दुसरे मात्र खरोखर त्रासात टाकणारे आहे. कानाच्या पाळीबद्दल आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांचे पक्के ज्ञान आहे. ते ओठाला जसेच्या तसे लावले की जवळजवळ प्रत्येक कलम चुकते.

आधी त्या जुन्या ज्ञानाला न्याय देऊ. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात सोळावा अध्याय कान टोचण्याचा आणि फाटलेली पाळी जोडण्याचा आहे. मूल सहाव्या किंवा सातव्या महिन्यात असावे, पक्ष शुक्ल असावा, त्याला दाईच्या मांडीवर बसवून खेळण्यांनी रमवावे, असे त्यात सांगितले आहे. वैद्याने डाव्या हाताने पाळी ताणावी, सूर्याचा प्रकाश जिथून पार दिसतो ती जागा हेरावी आणि तिथेच सरळ टोचावे. पाळी पातळ असेल तर सुईने, जाड असेल तर आरीने. मग भोकात तेल लावलेली कापसाची वात घालावी आणि दर तीन दिवसांनी ती थोडी जाड करत जावी. भोक चुकले तर काय होते, तेही तिथे आहे. कालिका, मर्मरिका आणि लोहितिका अशा तीन शिरांची नावे दिली आहेत. पहिली दुखावली तर ताप, आग आणि सूज. दुसरी दुखावली तर गाठी. तिसरी दुखावली तर मान आखडते आणि झटके येतात. शेवटचे वर्णन वाचताना आजच्या वाचकाला धनुर्वात आठवल्यावाचून राहत नाही.

उजेडात शिरा पाहून टोचायचे, हे तंत्र पाळीला शोभते, कारण पाळी आहेच तशी. थोडी चरबी, दोन्ही बाजूंना कातडी, आत ना हाड ना कुर्चा, मोठी रक्तवाहिनी नाही. दोन्ही बाजू कोरड्या राहतात. बोलताना, खाताना, हसताना ती हलत नाही. एवढ्या अनुकूल जागेवर सोनाराचा हात बसलेला असतो. सोनारानेच कान टोचावा, असे लोक उगीच म्हणत नाहीत. पण त्याच कानावर दोन बोटे वर सरका, तिथे कुर्चा लागते, आणि सगळे गणित बदलते.

हे बदललेले गणित कोणाला ठाऊक असेल तर नाथपंथीयांना. बीड जिल्हा नाथांचा मुलूख आहे. आष्टी तालुक्यात सावरगावजवळ मायंबाला मच्छिंद्रनाथांचे स्थान, पाटोदा तालुक्यात गहिनीनाथगड, आणि जिल्ह्याची हद्द ओलांडली की पाथर्डी तालुक्यातली कानिफनाथांची मढी. कानफाटे योगी दीक्षेच्या वेळी पाळी टोचत नाहीत. कानाच्या मधल्या कुर्चेला दुधारी सुरीने चीर देतात आणि ती भरून आली की त्यात मोठी कुंडले घालतात. जॉर्ज वेस्टन ब्रिग्ज यांनी १९३८ साली कानफाट्यांवर जो ग्रंथ लिहिला, त्यात चिरेत घातलेल्या कडुलिंबाच्या काडीचे आणि जखमेच्या निगेचे वर्णन आहे. जखम बरी होईपर्यंतचा काळ हाही त्या दीक्षेचाच भाग धरलेला आहे. कुर्चेला रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. ती आजूबाजूच्या आवरणावर जगते. म्हणून पाळीचे भोक दीड-दोन महिन्यांत रुळते, तर कुर्चेतल्या भोकाला सहा महिने ते वर्षभर लागू शकते. बुगडीचे भोक महिनोन्‌महिने चिघळलेले पाहिलेल्या बायांना हे वेगळे सांगायला नको. जागा दोन बोटे बदलली की मुदत चौपट होते, एवढे यावरून ध्यानात घ्यावे.

नाकाचेही थोडे सांगायला हवे, कारण ‘आपल्या संस्कृतीत बसत नाही’ या वाक्याला त्याचा उतारा आहे. नथ आज मराठी लग्नाची खूण झाली आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातले प. कृ. गोडे यांनी नथीच्या प्राचीनतेचा छडा लावायला जुने ग्रंथ आणि शिल्पे धुंडाळली, तेव्हा साधारण इसवी सनाच्या पहिल्या हजार वर्षांत नाकातल्या दागिन्याचा भरवशाचा पुरावा त्यांना सापडला नाही. म्हणजे नाक टोचणे हीसुद्धा कधीतरी कोणाची तरी नवी हौसच होती. ओठाचा दागिना आपल्याकडे नव्हता, पण जगात होता: मेक्सिकोतले अझ्टेक सरदार खालच्या ओठाखाली सोन्याचे आणि स्फटिकाचे खुंट मिरवत, अलास्काच्या किनाऱ्यावरच्या त्लिंगित बायकांच्या ओठात लाकडी चकती असे, इथिओपियात मुर्सी बायका आजही मातीची थाळी घालतात. आणि तोंड टोचणे दख्खनला अगदीच अनोळखी नव्हते. जाफर शरीफ यांनी दख्खनी मुसलमानांच्या चालीरीतींवर लिहिलेला ‘कानून-ए-इस्लाम’ १८३२ मध्ये इंग्रजीत आला; त्यात अंगात शस्त्रे खुपसून घेणाऱ्या रिफाई फकिरांचे वर्णन आहे. या फकिरांकडे गालातून सळई आरपार घालण्याचीही चाल आहे.

त्या सळईत आपल्या कामाची एक गोष्ट दडली आहे. सळई निघते आणि गाल भरून येतो. तोंडाच्या आतले अस्तर अंगावरच्या कातडीपेक्षा लवकर भरते. जीभ चावली तरी दोन-चार दिवसांत आपण विसरतो. म्हणजे ओठाला भोक पडणे हा त्यातला छोटा भाग. मोठा भाग आहे तो त्या भोकात मुक्कामाला येणारा धातू, जो दिवसाचे चोवीस तास दातांना आणि हिरड्यांना घासत राहतो. लोक टोचताना दुखेल का, हे विचारतात. दुखते, पण क्षणभर. विचारायचे असते ते पुढच्या पाच वर्षांचे.

नावे आधी समजून घेऊ, कारण स्टुडिओत तीच वापरतात. खालच्या ओठाखाली मधोमध टोचले की लॅब्रेट. वरच्या ओठावर, नाकाखालच्या पन्हळीत टोचले की मेडुसा. वरच्या ओठाच्या बाजूला, मर्लिन मन्रोच्या तिळाच्या जागी, ते मन्रो. दागिना बहुतेक वेळा एक सरळ दांडी असते: बाहेर खडा किंवा मणी, आत दातांच्या बाजूला सपाट चकती. दांडीची जाडी साधारण १.२ मिलिमीटर. पहिल्या दिवशी ती मुद्दाम लांब घालतात, कारण ओठ सुजतो. सूज पहिल्या तीन ते पाच दिवसांत सर्वांत जास्त असते. तीन-चार आठवड्यांनी सूज पूर्ण उतरली की त्याच टोचणाऱ्याकडे जाऊन आखूड दांडी बसवून घ्यायची. हा दुसरा फेरा लोक टाळतात आणि तिथेच दातांचे नुकसान सुरू होते. लांब दांडी जास्त हलते, दाताखाली येते, चावली जाते. उलट सुरुवातीलाच आखूड दांडी घातली तर सुजलेला ओठ चकती गिळून टाकतो आणि मग ती काढायला डॉक्टरला चीर द्यावी लागते. बीडहून पुण्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला जाऊन टोचून घेणाऱ्यांनी परतीच्या तिकिटाबरोबर महिन्याने परत यायचे तिकीटही मनात धरावे. ते जमणार नसेल तर टोचू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ओठ पाळीसारखा का नाही, हे हाताने तपासता येते. हात स्वच्छ धुवा, तर्जनी ओठाच्या आत आणि अंगठा बाहेर ठेवून ओठ हलकेच धरा. थोडा वेळ थांबलात तर बोटाला ठोका लागतो. चेहऱ्याच्या मुख्य धमनीची एकेक शाखा दोन्ही ओठांतून, आतल्या अस्तराजवळून जाते. हा तिचा ठोका. सुश्रुताने पाळीत तीन शिरा जपायला सांगितल्या, इथे तर धमनीच आहे, आणि ओठ जाड व स्नायूचा असल्याने उजेडात धरून ती दिसत नाही. शिवाय वरच्या ओठापासून नाकाच्या मुळापर्यंतच्या त्रिकोणातल्या नीला डोळ्यांच्या मागच्या शिरांमार्फत मेंदूच्या तळाशी असलेल्या रक्तकोशाला जोडलेल्या आहेत. या भागात पू झाला तर क्वचित, पण खरोखर, संसर्ग आत चढतो. म्हातारी माणसे नाकाखालची पुळी फोडू नको म्हणतात ते याच कारणाने. मेडुसा आणि मन्रो या दोन्ही जागा बरोबर त्या त्रिकोणात येतात.

मग तोंडाचा ओलावा. कानाचे भोक दोन्हीकडून वाऱ्याला लागते. ओठाच्या भोकाचे एक तोंड उन्हातल्या धुळीत आणि दुसरे लाळेत. तोंडात सातशेहून अधिक जातींचे जीवाणू नोंदवले गेले आहेत. त्यांतले बहुतेक निरुपद्रवी. पण ताजी जखम त्यांना सरळ रक्ताकडे जायची वाट देते. निरोगी माणसाचे शरीर हे निस्तरते. ज्याच्या हृदयाची झडप लहानपणीच्या सांधेदुखीच्या तापाने खराब झाली आहे, कृत्रिम झडप बसवलेली आहे किंवा जन्मजात हृदयदोष आहे, त्याच्या रक्तात उतरलेले हे जीवाणू झडपेवर वस्ती करू शकतात. अशांनी तोंडात काहीही टोचून घेऊ नये. यात हौसेला जागा नाही. आटोक्यात नसलेला मधुमेह, रक्त पातळ करणारी गोळी, रक्त न गोठण्याचा आजार, गरोदरपण आणि जखमेच्या जागी टणक, वाढत जाणारा वण येण्याची खोड, यांनाही हेच लागू. शेवटची खोड घराण्यात असते. आईच्या कानाच्या पाळीवर भोकाजवळ गाठ वाढलेली असेल तर मुलीने ती खूण समजावी.

दातांकडे आता सावकाश पाहू, कारण खरी किंमत तिथेच मोजावी लागते. खालच्या पुढच्या दातांसमोरचे हाड आणि त्यावरची हिरडी जात्याच पातळ असते. लॅब्रेटची चकती नेमकी तिथे टेकते. बोलताना, गिळताना, हसताना ती घासत राहते. वर पोरांना जिभेने ती खेळवायची सवय लागते. हिरडी दुखत नाही, रक्त येत नाही, फक्त हळूहळू खाली सरकते. एके दिवशी गार पाण्याने दात शिवशिवतो आणि आरशात त्याचे पिवळसर मूळ दिसते. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१६ मध्ये तोवरच्या सगळ्या अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. ओठ टोचलेल्यांपैकी निम्म्यांपर्यंत लोकांची हिरडी सरकलेली, आणि चारातल्या एकाच्या आसपास लोकांच्या दाताला इजा झालेली, असे त्यात आढळले. न टोचलेल्यांच्या तुलनेत हिरडी सरकण्याचा धोका चौपट निघाला. सरकलेली हिरडी आपोआप वर येत नाही. टाळूचा तुकडा काढून कलम करावे लागते. अमेरिकेतल्या दंतवैद्यांची संघटना तोंडातल्या टोचणीला सरसकट नकोच म्हणते. मी तितका कडक होणार नाही, पण ज्यांच्या हिरड्यांतून घासताना आधीच रक्त येते त्यांनी आधी हिरड्या बऱ्या करून घ्याव्यात. छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे. तिथे किंवा गावातल्या दंतवैद्याकडे एकदा तोंड दाखवून ‘इथे चकती टेकली तर काय होईल’ असे सरळ विचारावे.

इथे आपल्या भागाची एक वेगळी अडचण आहे, आणि ती परदेशी माहितीपत्रकांत सापडत नाही. आपल्याकडे खालचा ओठ हे तंबाखूचे कोठार आहे. चुना लावून मळलेला बार ओठ आणि हिरडीच्या मधल्या खाचेत ठेवतात, म्हणजे चकती जिथे बसते तिथेच. चुना अस्तर भाजतो. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि जखम भरायला वेळ लागतो. तंबाखूचा चुरा चकतीमागे अडकून बसतो. बायांची मिश्री तीच गोष्ट वेगळ्या हाताने करते: जळकी तंबाखू बोटाने हिरडीवर चोळायची, आणि आता त्या बोटाच्या वाटेत एक ताजे भोक. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. ती टपरीवर किती पाळली जाते हे वाचकाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. गुटख्यातल्या सुपारीने तोंडाचे अस्तर आखडत जाते आणि तोंड पुरते उघडेनासे होते. अशा आखडलेल्या ओठाला टोचणे म्हणजे न भरणारी जखम विकत घेणे. बार, मिश्री किंवा गुटखा यांपैकी काही सुटत नसेल तर ओठाचा विचार सोडावा.

आणि वेळ. बीडमधली लाखो माणसे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला बाहेर पडतात ती उन्हाळ्याच्या तोंडालाच परततात. फडात पाचटाची धूळ, पालात पाण्याची ओढ, हाताला चोवीस तास चिकटा. सुट्टीत आईबापांबरोबर कोयता धरणाऱ्या कॉलेजच्या मुलांनी या हंगामाच्या आगेमागे टोचून घेऊ नये. ओठाच्या भोकाला वरवर भरायला दीड-दोन महिने आणि नीट रुळायला तीनपर्यंत लागतात. तेवढे दिवस स्वच्छ पाणी आणि धुतलेले हात हाताशी हवेत. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्यांनी तर जाहिरातीतले वैद्यकीय निकष आधी वाचावेत, नंतर नव्हे.

आता धातू. इथे सोनाराची सवय आपल्याला फसवते. बावीस कॅरेटच्या दागिन्यात ९१.६ टक्के सोने असते आणि कानाला ते उत्तम मानवते, पण ते मऊ आहे. त्यावर ओरखडे उठतात आणि ओरखड्यात घाण बसते. चांदी तर ताज्या जखमेत नकोच: ती काळवंडते आणि तो काळेपणा कातडीत कायमचा उतरू शकतो. जत्रेत मांडलेली ‘जर्मन सिल्व्हर’ची कडी दिसायला छान, पण तिच्यात चांदीचा अंश नाही, तांबे, जस्त आणि निकेल यांचा तो मिश्रधातू. निकेल हे दागिन्यांमुळे होणाऱ्या खाजेचे आणि इसबाचे सगळ्यात मोठे कारण आहे, आणि एकदा अंगाने ते ओळखले की आयुष्यभर सोडत नाही. युरोपने तर टोचलेल्या जागी घालायच्या दागिन्यातून निकेल किती झिरपावे याची मर्यादाच कायद्याने घालून दिली आहे. ‘सर्जिकल स्टील’ हा शब्द ऐकून भुलू नये. त्या पोलादातही दहा टक्क्यांहून जास्त निकेल असते. ते घट्ट बांधलेले असते म्हणून बहुतेकांना चालते, पण नकली दागिन्याने ज्यांच्या कानाला खाज सुटते त्यांनी त्यापासून लांब राहावे. सर्वांत निर्धास्त धातू म्हणजे हाडात बसवायच्या दर्जाचे टायटॅनियम. दुकानदाराला ‘एएसटीएम एफ-१३६’ आहे का, असे विचारा. तो गोंधळला तर उत्तर मिळाले.

हत्याराबाबतही तसेच. मोबाइल आणि सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानांत कान टोचायची ‘गन’ असते. ती बोथट खुंटी जोराने मांसात ठोकते. पाळी ते सोसते, ओठ चिरडतो. शिवाय तिचा प्लॅस्टिकचा भाग वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करता येत नाही. ओठाला एकदा वापरून फेकायची पोकळ सुईच हवी, तुमच्या डोळ्यांसमोर बंद पाकिटातून काढलेली. चिमटे आणि दागिना ऑटोक्लेव्हमधून आलेला हवा: १२१ अंश सेल्सिअस, दाबाखालची वाफ, पंधरा-वीस मिनिटे. सुई दिव्यावर धरणे, गरम पाण्यात उकळणे किंवा डेटॉलमध्ये बुडवणे, यातले काहीही त्याची जागा घेत नाही. कावीळ-ब चा विषाणू वाळलेल्या रक्तातही आठवडाभर तग धरतो. दूषित सुईने त्याची लागण होण्याची शक्यता एचआयव्हीपेक्षा कित्येक पटींनी जास्त असते, आणि लोक मात्र फक्त एचआयव्हीला भितात. जत्रेत एकाच सुईने गोंदणाऱ्याने टोचायचेही काम सुरू केले असेल तर तिथून सरळ पुढे चालू लागावे. कावीळ-ब ची लस सरकारी लसीकरणात देशभर पोचायला २०११-१२ उजाडले; त्याआधी जन्मलेल्या पुष्कळांना ती मिळालेली नाही. ओठ टोचायचा विचार असेल तर तीन डोसांचा कोर्स आधी पुरा करावा; त्याला सहा महिने लागतात, आणि हौस टिकते की नाही तेही तेवढ्यात कळते. धनुर्वाताची लस सोळाव्या वर्षी शाळेत चुकली असेल तर तीही. टोचून झाल्यावर काही महिने रक्तपेढी तुमचे रक्त घेणार नाही, हे गावात रक्तदान शिबिरे भरवणाऱ्या मुलांनी लक्षात ठेवावे.

टोचून घेतलेच, तर घरी काय करायचे? हळद-खोबरेल नाही. पाळीवर चालणारा तो लेप ओठाच्या भोकात कोंडून बसतो. औषधाच्या दुकानात मिळणारे नॉर्मल सलाईन बाहेरून दिवसातून दोनदा. आतून प्रत्येक खाण्यानंतर साध्या उकळून गार केलेल्या पाण्याने किंवा अल्कोहोल नसलेल्या माउथवॉशने चूळ. स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि सॅव्हलॉन नवी उगवणारी पेशीच मारतात. दागिना फिरवत बसायचे नाही. ‘चिकटून बसेल’ ही भीती कानाच्या तारेपासून आली आहे. नवा मऊ ब्रश घ्यावा. पहिला आठवडा ठेचा, येसरची झणझणीत आमटी आणि कडक भाकरी बाजूला. दूध-भात, ताकात कुस्करलेली भाकरी, हंगाम असेल तर बीडचे सीताफळ, फक्त बिया सांभाळून. बर्फाचा खडा चघळला तर सूज उतरते. चुंबन आणि एकमेकांच्या बाटलीचे पाणी जखम भरेपर्यंत बंद. मणी सैल झाला का, हे धुतलेल्या हाताने रोज पाहावे. झोपेत सुटलेला मणी पोटात गेला तर बाहेर पडतो, श्वासनलिकेत गेला तर पडत नाही.

पांढरट लस येऊन वाळणे, पहिले काही दिवस ओठ जड वाटणे, हे चालायचेच. पिवळा-हिरवा घाण वासाचा पू, ठणका, ताप, कातडीवर पसरत जाणारी लाली, जबड्याखाली गाठ, तोंड उघडायला किंवा गिळायला त्रास, ही दवाखान्याची लक्षणे. अशा वेळी घाबरून दागिना उपटून काढू नये. बाहेरचे भोक बुजते आणि पू आत कोंडतो. दागिन्यासकट बीडचे जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गाठावे, तिथले डॉक्टर ठरवतील. लाजून चार दिवस घरी काढणे हेच सर्वांत वाईट. सिझेरियनसह कुठल्याही शस्त्रक्रियेआधी आणि एमआरआयआधी मात्र दागिना आहे हे स्वतःहून सांगायचे आणि काढायचा; भूल देताना घशात नळी घालावी लागते.

काढून टाकला तर भोक बऱ्यापैकी लवकर बुजते, बाहेर खळीसारखा छोटा वण उरतो. ज्यांना केवळ लग्नात, गॅदरिंगला किंवा फोटोपुरता तो दिसायला हवा आहे त्यांच्यासाठी उपाय आपल्याच बायांनी कधीचा शोधून ठेवला आहे. नाक न टोचलेल्या कित्येक जणी दाबाची नथ घालून मंगळागौर साजरी करतात. तशीच ओठाची दाबाची रिंग मिळते. तीही तास-दोन तासच घालावी, जेवताना आणि झोपताना काढावी, आणि आतली बाजू हिरडीला टोचत नाही ना, हे विकत घेण्याआधी बोट फिरवून पाहावे.